शबनमच्या पोटाचा घेर

घोड्याच्या पोटाचं माप घ्यायचं तर घोड्याच्या पोटाखालून हात घालावा लागतो, ही साधी गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. तोपर्यंत डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मी घोड्यांमधला जाणकार म्हणून ओळखला जात होतो. ओळखला जात होतो म्हणजे ती ओळख मीच करून दिली होती. संध्याकाळी गॅलरीत मी खुर्ची टाकून बसायचो, समोर पाच-सात माणसं उकिडवी बसायची, आणि गप्पा फिरून फिरून संपावर यायच्या. संपावर आल्या की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "काका, पागेतलं काहीतरी सांगा." आणि मी सांगायचो. एवढी माणसं कामावाचून बसलेली असताना त्यांना नाही कसं म्हणायचं?

पागेबद्दल एवढंच सांगतो की पागा होती. तरुणपणी टपाल खात्यात असताना एका लहानशा संस्थानच्या गावी माझी बदली झाली होती, आणि पोस्टाच्या खिडकीतून समोर महाराजांची पागा दिसायची. आता रोज उठून समोरून घोडे बघणाऱ्या माणसानं रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बघितलं असतं तर काय वेगळं दिसलं असतं? मी फक्त तो रस्ता गोष्टीतून काढून टाकला. महाराजांचा पांढरा घोडा माझ्याच हातचं पाणी प्यायचा, तो आजारी पडला तेव्हा मी त्याच्या शेजारी खाट टाकून झोपलो, वगैरे तपशील नंतर आले. ते श्रोत्यांच्या आग्रहामुळं आले. आग्रह मोडणं माझ्या स्वभावात नाही.

या श्रोत्यांत जयवंत होता. मूळचा कणकवलीकडचा, गिरणीत लूमवर होता. संपाला वर्ष होऊन गेलं होतं आणि गिरणीचं फाटक उघडायचं चिन्ह नव्हतं. हा कधी भाजी विकायचा, कधी छत्र्या दुरुस्त करायचा, आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून तोंड उघडं टाकून पागा ऐकायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याचा वेळ बरा जातो. एक दिवस सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. चेहरा उजळलेला.

"काका, आणली."

"काय आणलंस?"

"घोडी. चौपाटीवरचा एक व्हिक्टोरियावाला धंदा बंद करून गावाला चालला, त्याच्याकडून घेतली. वरातीला लावायची. लग्नं काय, संप असला तरी होतातच. तुम्हीच म्हणाला होता, घोड्याइतकं इमानी जनावर नाही."

मी असं म्हणालो होतो. मी बरंच काही म्हणालो होतो.

"पण तुला घोड्यातलं काय कळतं रे?" मी विचारलं.

"मला कुठं काय कळतं? तुम्ही आहात म्हणून तर आणली," जयवंत म्हणाला.

आतून मंजुळेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, भांडं आपटल्याचा आवाज आला. ती लग्न होऊन त्याच संस्थानच्या गावी माझ्याबरोबर दोन वर्षं राहिली होती. पागेच्या गोष्टी चालू असताना ती नेहमी आत निघून जायची, आणि तिनं इतकी वर्षं कुणाला काही सांगितलं नाही, हे तिचे माझ्यावर मोठेच उपकार आहेत. त्या उपकारांची आठवण ती भांड्यांच्या आवाजातून देते.

घोडी चाळीच्या मागं, बंद पडलेल्या तालमीच्या पत्र्याखाली बांधली होती. रंगानं तांबूस, अंगानं भरलेली, चेहऱ्यावर सरकारी खिडकीवरचा भाव. नाव शबनम. आम्हाला तोवर शबनम म्हणजे खांद्याला लावायची पिशवी एवढंच माहीत होतं, पण चाळीच्या रीतीप्रमाणं दोनच दिवसांत तिची शबनमबाई झाली. तिच्यासमोर जयवंतची बायको लक्ष्मी कमरेला पदर खोचून उभी होती. लक्ष्मीचं म्हणणं सरळ होतं. खोली विकावी, गावाला जावं, सासऱ्याच्या वाडीत नारळ-सुपारी बघावी. जयवंतला मुंबई सोडायची नव्हती. दोघांचं शेवटी एवढ्यावर जमलं होतं की एक वरात करून बघायची. ती धड पार पडली तर घोडी राहील आणि हेही राहतील. फजिती झाली तर घोडी द्यायची कुणाला तरी आणि बोट नाही तर एसटी पकडून घर गाठायचं.

"काका," लक्ष्मी मला म्हणाली, "तुमच्या भरवशावर आहे हा सगळा. मी काय तुम्हाला दुसरं सांगू?"

माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवल्याचं इतकं वाईट मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

पहिली वरात लगेच ठरली. परळमधलं लग्न, दादरला कार्यालय. नवरदेव घोडीवरून निघणार, वाटेत मारुतीला नारळ देणार आणि कार्यालयात उतरणार. जयवंतनं कुठल्याशा नाटक मंडळीच्या सामानातून खोगीर पैदा केलं. चांगलं लाल मखमलीचं होतं, फक्त त्याला तंग नव्हता. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा, जो दोन्ही बाजूंनी खोगिराला बक्कलांनी अडकवतात. तो नसला तर खोगीर, आणि खोगिरावरचा नवरदेव, दोघंही घोड्याच्या मर्जीवर राहतात. चाळीच्या कोपऱ्यावर शाळेची दप्तरं शिवणारा एक चामडेवाला होता. तो म्हणाला, "तंग शिवून देईन. पूर्वी शिवलेत. माप आणा."

"तूच येऊन घे की," मी म्हणालो.

"घोडी माझ्या दुकानात मावणार नाही आणि मी दुकान सोडणार नाही. आणि तुम्ही असताना मी काय माप घेऊ?"

माझी कीर्ती कोपऱ्यापर्यंत गेली होती.

रविवारी सकाळी माप घ्यायचं ठरलं. मी म्हणालो होतो की गर्दी नको, जनावर बुजतं. त्यामुळं अख्खी चाळ अगदी शांतपणे जमली. गॅलऱ्या भरल्या. पहिल्या मजल्यावरचे गुणाजी खास स्टूल घेऊन खाली आले. गुणाजी म्हणजे गिरणीतले जुने फिटर. चाळीस वर्षं यंत्रांचे पट्टे चढवण्यात गेली आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना शाफ्ट आणि पुली या दोनच रूपांत दिसते. मी टपालात होतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

"मास्तरानू," ते म्हणाले, "माप घेवच्या आधी मशीन बंद करूक व्हया."

"ही घोडी आहे, गुणाजी."

"ता दिसता माका. पण हिका बंद करूचा बटण खंय आसा, ता तुमका म्हयत असताला."

मी मंजुळेची शिवणाची टेप घेऊन शबनमच्या समोर उभा राहिलो. प्रथम मी तिच्या कपाळाकडं बराच वेळ रोखून बघितलं. लोकांना वाटलं ही पागेतली पद्धत असेल. वास्तविक मी विचार करत होतो की हिला कुठून सुरुवात आणि कुठे शेवट. मग मी तिच्या बाजूला गेलो. ती अर्धी वळून माझ्याकडं बघू लागली. मी दुसऱ्या बाजूला गेलो. तिनं मान दुसऱ्या बाजूला वळवली. असे आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांची ओळख करून घेत होतो. शेवटी मी टेपचं टोक अलीकडं तिच्या पोटाशी धरलं आणि टेप पाठीवरून पलीकडं सोडली. टेप पलीकडं जेमतेम पोटाच्या उतारापर्यंत लोंबली.

"टेप संपली, काका," वरून कुणीतरी सांगितलं.

"दिसतंय मला. ही माणसांची टेप आहे," मी म्हणालो.

सुतळी आणली. सुतळी पाठीवरून पलीकडे टाकून तिचं टोक पोटाखालून अलीकडे घ्यायचं. म्हणजे वाकायचं, आणि हात आत घालायचा. मी वाकलो. वाकल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या डोळ्यांसमोर घोडीचा मागचा पाय आहे आणि तो नाल मारलेला आहे. नाल इतकी जवळून मी प्रथमच बघत होतो. शबनमनं तो पाय उचलला, थोडा वेळ हवेत धरला, आणि परत होता तिथं ठेवला. लाथ मारली नाही. फक्त आहे म्हणून दाखवला. मी उभा राहिलो.

"काय झालं?" जयवंतनं विचारलं.

"श्वास रोखलाय तिनं," मी म्हणालो. "पोट फुगवून उभी आहे. आत्ता घेतलेलं माप खोटं येईल. पागेत आम्ही असं माप कधीच घेत नव्हतो."

"मग कधी घ्यायचं?"

"तिला कळू न देता."

लोक खूश होऊन पांगले. कारण त्यांना काहीतरी नवीन ज्ञान मिळालं होतं. मी वर आलो तेव्हा मंजुळेनं न विचारता चहा दिला. चहात साखर होती. साखर मला बंद आहे, आणि ती मंजुळेनंच बंद केली आहे, त्यावरून माझी अवस्था काय दिसत असेल ते समजा.

दुसऱ्या दिवशी परळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात गेलो. म्हटलं, ही शिकलेली माणसं, रोज जनावरं हाताळणारी, घेऊन देतील माप. खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "जनावर कुठलं?"

"घोडी."

"तक्रार काय आहे?"

"तक्रार काही नाही. तब्येत उत्तम आहे. पोटाचं माप हवं होतं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "तक्रार असल्याशिवाय केसपेपर निघत नाही."

"मग पोट दुखतं असं लिहा."

"आणि डॉक्टरांनी तपासल्यावर पोट दुखत नसलं तर?"

"तर आनंदच आहे की."

"आजोबा," ते शांतपणे म्हणाले, "माप हवं असेल तर शिंप्याकडं जा. मागं माणसं आजारी बैल घेऊन उभी आहेत."

मागं खरोखरच एक माणूस बैल घेऊन उभा होता. बैलानंही मला थोडं बाजूला सरकवलं.

परत येताना चाळीच्या दाराशी शेवंती भेटली. शेवंती वरळीच्या कोळीवाड्यातली, चाळीत मासे घेऊन येते आणि माशाबरोबर सल्ला फुकट देते. "काका, अजून मोजताय?" तिनं विचारलं. "अवो, पापलेट मोजायला कोणी पाण्यात उतरतं का? आडवी पाडा तिला, मग मोजा."

"घोडी आडवी पडत नाही, शेवंती. उभ्यानंच झोपते."

"मग उभ्यानं झोपली का मोजा," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली. हे मला सुचलं होतं. अगदी भर दुपारी शबनम डुलकी घेत असताना मी चपला काढून तिच्याकडं गेलोही होतो. पण झोपेत ती शेपटी मारते, आणि तिच्या शेपटीचा नेम जागेपणापेक्षा झोपेत जास्त चांगला आहे.

लग्न जवळ येत चाललं. जयवंत रोज विचारी, "काका, माप?" आणि मी म्हणे, "होतंय." लक्ष्मी काही विचारत नसे. ती फक्त बघे, आणि ते जयवंतच्या विचारण्यापेक्षा वाईट होतं.

अशा वेळी मला वसंत आठवला. वसंत आमच्याच चाळीतला, लालबागला त्याचा गणपतीचा कारखाना. गणपतीबरोबर मंडळांचे देखावेही करतो. गेल्या वर्षी एका मंडळासाठी त्यानं ऐतिहासिक देखावा केला होता, त्यातला प्लास्टरचा घोडा अजून कारखान्यात कोपऱ्यात पडून होता. मी सहज म्हणून गेलो. घोडा बघितला आणि माझं काळीज हललं. तोच तांबूस रंग, तीच मान, तोच खिडकीवरचा भाव.

"वसंता, हा कुणाला बघून केलास रे?"

"चौपाटीवरच्या घोड्या बघून, काका. तिथं बसून चित्रं काढली होती. काय सांगावं, शबनमबाईच असतील," वसंत गणपतीच्या सोंडेवर हात फिरवत म्हणाला.

मी शास्त्रीय माणूस आहे. नुसत्या चेहऱ्यावर जाणारा नाही. शबनमच्या शेजारी उभं राहिलं की तिची पाठ माझ्या कानाच्या पाळीला लागते, हे मी इतक्या दिवसांत अनुभवानं शिकलो होतो. प्लास्टरच्या घोड्याशेजारी उभा राहिलो. पाठ बरोबर कानाच्या पाळीला. आता तुम्हीच सांगा, पाठ तीच, मान तीच, रंग तोच, मग पोट काय परकं असणार? वसंत पुढच्या बाजूला गिऱ्हाइकाशी बोलायला गेला तेवढ्यात मी सुतळी काढली आणि घोड्याच्या पोटाखालून हात घातला. किती सुखाचा क्षण होता तो. पाय उचलणं नाही, शेपटी नाही, श्वास रोखणं नाही. मी त्याच्या पोटावर थाप मारली आणि चांगला घोडा आहेस म्हणालो. महाराजांच्या पांढऱ्या घोड्याशेजारी मी खाट टाकून झोपलो असतो तर मला असंच वाटलं असतं.

सुतळीला गाठ मारून घरी आलो. जयवंतच्या हातात सुतळी ठेवली तेव्हा त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. "कधी घेतलं, काका?"

"तिला कळलं नाही," मी म्हणालो, आणि हे अगदी खरं होतं.

गुणाजींनी सुतळी ओढून बघितली. "नवो पट्टो ताणता, मास्तरानू. शाफ्टाचो पट्टो कापताना कमीच कापूक व्हयो, नायतर चार दिसांत सैल." चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी गाठीच्या अलीकडं दुसरी गाठ मारली. मी विरोध केला नाही. तज्ज्ञ माणसांनी एकमेकांचा मान राखावा.

चामडेवाल्यानं तंग लग्नाच्या दिवशी सकाळी दिला. दप्तरांचा हंगाम तोंडावर आला होता, असं त्याचं कारण. मी तो घेऊन थेट परळला नवऱ्यामुलाच्या बिल्डिंगखाली पोचलो. मी वेळेला साजेसा कपडा केला होता. डोक्याला फेटा, अंगात निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला कोट आणि त्याच वेळची टेरिकॉटची पँट. शबनमच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या, कपाळावर गोंडा होता. बेंजो पार्टी सुरात आली होती. नवरदेव मुंडावळ्या बांधून जिन्यावर तयार. तो बँकेत होता आणि त्याचं वजन बँकेत असल्यासारखंच होतं. नवऱ्याचे मामा हातातल्या घड्याळाकडं बघत फेऱ्या मारत होते. चाळीतले जयवंत, लक्ष्मी, गुणाजी आणि वसंत घोडीभोवती उभे होते.

जयवंतनं खोगीर चढवलं. तंग एका बाजूला अडकवला. वाकला, पोटाखालून सहज हात घातला, शबनमनं मान खाली करून त्याच्या फेट्याचा वास घेतला एवढंच, आणि तंगाचं दुसरं टोक धरून वर ओढलं. ओढलं. आणखी ओढलं. बक्कल आणि तंग यांच्यामध्ये चांगलं वीतभर शबनम शिल्लक राहिली.

"श्वास सोडेल आता," मी म्हणालो.

शबनमनं श्वास सोडला. तो खूप मोठा होता. वीतभर अंतर तसंच राहिलं.

जयवंतनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं. ज्याच्याकडं उत्तर आहे अशा माणसाकडं बघतात तसं. आणि तेवढ्यात वसंतच्या डोक्यात प्रकाश पडला. "काका," तो म्हणाला, "त्या दिवशी कारखान्यात तुम्ही सुतळी घेऊन उभे होता. तुम्ही आमच्या घोड्याचं माप तर घेतलं नाहीत?"

मी कोटाची गुंडी लावली.

"अहो, त्याचं पोट आम्ही खरवडलं होतं," वसंत म्हणाला. "मंडळाच्या बोळातून घोडा निघत नव्हता. दोन्ही बाजूंनी तासला, तेव्हा कुठं गेला. कुणाच्या लक्षात येत नाही म्हणा, वर महाराज बसलेले असतात."

गुणाजींनी नजर चुकवली, कारण दुसरी गाठ त्यांची होती. लक्ष्मीनं माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात, जराही उपरोध न करता विचारलं, "काका, पागेत पण तुम्ही असाच करायचा?"

मला त्या वेळी खरोखर वाटलं की शबनमच्या पोटाखाली मी मावेन इतकी जागा आहे.

"काय खोळंबा आहे?" मामा आले. "मुहूर्त गाठायचाय. घोडी जमत नसेल तर सांगा, टॅक्सी बोलावतो. नवरा टॅक्सीतून जाईल."

जयवंतच्या हातातला तंग सैल पडला. लक्ष्मीनं डोळे मिटले. तिला त्या क्षणी एसटीचा स्टँड दिसत असणार. गुणाजी म्हणाले दोरी बांधू. वसंत म्हणाला दोरी दिसेल, आणि सरकली तर नवरा उलटा. तेव्हा मी कोटाखाली हात घातला, कमरेचा चामडी पट्टा ओढून काढला, आणि जयवंतच्या हातात दिला.

"हा लाव मधे. बक्कल आहे, भोकं आहेत. चांगला आहे, खात्यातल्या लोकांनी भेट दिलेला."

जयवंतनं तो तंगाच्या आणि खोगिराच्या मधे ओवला. बरोबर बसला. दोन बोटं घालून ओढून बघितला, खोगीर जागचं हललं नाही. नवरदेवाला चढवलं. शबनमनं एकदा कान मागं केले आणि वजनाचा अंदाज आल्यावर सोडून दिलं. बेंजोनं जोर धरला आणि वरात निघाली.

आता माझ्या पँटविषयी. ती शिवली तेव्हा मला पोट होतं. नंतर साखर बंद झाली आणि पोट गेलं, पँट मात्र तेवढीच राहिली. तिला वर धरून ठेवणारी या जगात एकच वस्तू होती आणि ती आता शबनमच्या पोटाखाली होती. मी दोन्ही हात कोटाच्या आत घालून कमरेवर ठेवले आणि पँटचा काठ दोन्ही मुठींत धरला. घरी पळावं तर वरात चालू झाली होती आणि जयवंत म्हणत होता, "काका, तुम्ही शेजारीच चाला, बक्कलावर लक्ष ठेवा." म्हणून मी शबनमच्या पोटाजवळून, कमरेवर हात ठेवून, बक्कलाकडं बघत चाललो.

"मास्तर विठोबासारखे दिसतत," गुणाजी वसंतला म्हणाले. हळू म्हणाले असतील, पण फिटर माणसं आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात बोललेली असतात.

हिंदमाताजवळ टपाल खात्यातले माझे जुने साहेब बस थांब्यावर उभे होते. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं उठून उभा राहत होतो. "अरे, गंगाधर," असं म्हणून त्यांनी नमस्कार केला. मी मान हलवली. हात काढले नाहीत. त्यांचे हात जोडलेलेच राहिले आणि वरात पुढं गेली. पुढं नवऱ्याचे मित्र नाचायला लागले आणि त्यातल्या एकानं माझा उजवा हात धरून ओढला. पँटची उजवी बाजू लगेच निघाली. मी ती कोपरानं दाबली आणि त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्यानं हात सोडून माफी मागितली. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, जरा हसा." मला हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

खोदादाद सर्कलपाशी एक सवाष्ण ताट घेऊन पुढं आली. तिनं नवऱ्याला ओवाळलं, शबनमला कुंकू लावलं, आणि मानाचा नारळ माझ्यापुढं धरला. नारळ दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. चारी बाजूंनी माणसं, वर नवरदेव, समोर बाई नारळ धरून उभी, आणि माझे दोन्ही हात गुंतलेले. काहीतरी बोलणं भाग होतं. माझ्या तोंडानं, मला न विचारता, जुनी सवय चालवली.

"आमच्या पागेत," मी म्हणालो, "घोडीचा मान आधी. माणसानं नारळ हातात घ्यायचा नसतो. तिच्या पायाशी ठेवा."

बाईंनी नारळ शबनमच्या पायाशी ठेवला आणि घोडीला वाकून नमस्कार केला. मागून आणखी दोघींनी केला. जयवंत माझ्याकडं बघत होता. आज सकाळी सगळ्यांसमोर उघडा पडलेला माणूस दुपार व्हायच्या आत परत पागेत गेला होता. मला इतकी लाज वाटली की पुढचा रस्ता मी बक्कल सोडून दुसरीकडं कुठंही बघितलं नाही.

मारुती झाला, कार्यालय आलं, नवरदेव उतरला. सावकाश उतरला, पण सरळ उतरला. खोगीर तसूभर हललं नव्हतं. जयवंतनं वाकून माझा पट्टा सोडला आणि कुणाला न दिसेल असा माझ्या कोटाच्या खिशात घातला. मी खांबामागं जायला निघालो तोच मामा आमच्याच दिशेनं आले. म्हटलं, नारळाचं प्रकरण यांच्यापर्यंत गेलं. लक्ष्मी जयवंतच्या मागं येऊन उभी राहिली.

"पुढच्या महिन्यात माझ्या मुलाचं लग्न आहे, गिरगावात," मामा म्हणाले. "घोडी पाहिजे."

"देऊ," जयवंत म्हणाला.

"आणि हे पाहिजेत." मामांनी माझ्याकडं बोट केलं. "हे कमरेवर हात ठेवून चालतात ते. काय तो ताठा. कुणाला हसणं नाही, कुणाला हात करणं नाही, घोडीवरून नजर म्हणून हलली नाही. अहो, आमचा नवरा कुणी बघितलाच नाही, सगळे यांनाच बघत होते. हे कोण?"

मी खरं सांगणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलंही होतं. पण जयवंत माझ्याआधी बोलला.

"पागेतले आहेत ते," तो म्हणाला. "संस्थानात होते. महाराजांचा पांढरा घोडा यांच्याच हातचं पाणी प्यायचा."

लक्ष्मीनं पदर तोंडाशी धरला. हसत होती की रडत होती हे मला कळलं नाही. पण गावाला जायचं तिनं त्यानंतर काढलं नाही.

चामडेवाल्यानं तंगाला वीतभर तुकडा जोडून दिला आणि तो आता शबनमला व्यवस्थित बसतो. माझा पट्टा माझ्या कमरेला असतो. तरी प्रत्येक वरातीत मला कमरेवर हात ठेवूनच चालावं लागतं. गिरगावातल्या लग्नात अर्ध्या वाटेवर मी हात जरा सोडले, तर यजमान धावत येऊन विचारू लागले की आजोबांना बरं वाटत नाही का. मंजुळा म्हणते, निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी काम हवं, तुम्हाला उभं राहायचं मिळालं.

गॅलरीत आता गोष्टी जयवंत सांगतो. गिऱ्हाईक घोडी ठरवायला येतं, तो त्याला बसवतो, आणि माझ्या पागेत चाळीस घोडे करतो. परवा त्यानं त्यांत एक हत्ती घातला. इतक्या वर्षांत मी हत्तीपर्यंत गेलो नव्हतो. गिऱ्हाईक माझ्याकडं वळून विचारतं, "खरंच का हो, काका?" आणि मी लाजेनं मान खाली घालतो.

"बघितलंत?" जयवंत म्हणतो. "एवढं करूनसुद्धा माणूस स्वतःच्या तोंडानं एक शब्द बोलत नाही."